आतल्या भेगांचे हुक्केरी

हुक्केरी तुमच्या घरी पहिल्यांदा आले, की नमस्काराच्या आधी खिशातून आठ आण्यांचं नाणं काढतात आणि तुमच्या दारावर टकटक करतात. दाराला बेल असते. बेलशी त्यांना कर्तव्य नसतं. दार आतून पोकळ आहे का, हे त्यांना ऐकायचं असतं. पोकळ निघालं तर त्यांचा आनंद गगनात मावत नाही. "बघा की ओ, वरनं पॉलिश आणि आत सगळं सुटलंय!" मग ते चप्पल काढतात.

आमच्याकडे त्यांनी दार, जेवणाचं टेबल, कलिंगड आणि माझ्या सासऱ्यांचा प्लास्टरमधला पाय इतकं वाजवून पाहिलं. सासरे मूळचे मितभाषी. त्या दिवशी मात्र बरंच बोलले.

जयनगरात आम्ही शेजारी आणि बेंगळुरूतल्या एकाच प्रयोगशाळेत नोकरीला. मी पुण्याचा, ते बेळगावकडचे. विमानाचे पंख धातूऐवजी कार्बनच्या तंतूंचे करायचं वेड तेव्हा, नव्वदीच्या दशकात, आमच्याकडे नवं होतं. तंतूंचे थर एकावर एक चिकटवलेले असतात. मार बसला तर वरून ओरखडाही दिसत नाही, आतले थर मात्र सुटतात. ते पकडायला हुक्केरी पंखावर स्ट्रेन गेज लावत. ही नखाएवढी पातळ पट्टी. तिला वायर जोडायची, आणि जरा ताण पडला की यंत्रावरचा आकडा हलतो.

विमानापुरतं हे ठीक होतं. पण हुक्केरींनी पट्ट्या स्कूटरला चिकटवल्या, गच्चीखालच्या तुळईला चिकटवल्या आणि शेवटी वहिनींच्या झोपाळ्याच्या कडीला. वहिनी जरा टेकल्या की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "आज स्वल्प जास्त भार आहे!" वहिनींनी झोपाळ्यावर बसणं सोडलं. त्यामुळे कडीचं आयुष्य वाढलं, असं हुक्केरी अभिमानानं सांगत.

प्रयोगशाळेतही त्यांचा जाच होताच. एकदा दिल्लीहून पाहुणे आलेले, पंखावर भार चढतोय, शेजारच्या टेबलावर मैसूरपाक झाकून ठेवलेला. हुक्केरींनी मधेच चाचणी थांबवली. एका पट्टीचा आकडा शेजारणींपेक्षा वेगळा वागत होता.

"वायर सैल असेल हो," आमचे प्रमुख दातओठ खात म्हणाले.

"वायर सैल असली तर आकडा उड्या मारतोय साहेब. हा सावकाश सरकालाय. आत थर सुटालेत."

पुढे पंख कापून पाहिला, तर थर खरोखरच सुटलेले. प्रमुखांनी लगेच स्वतःच्या दक्षतेवर भाषण ठोकलं.

एकुलत्या मुलीच्या, अश्विनीच्या लग्नात ऐन मुहूर्ताला वधूपिता सापडेना. मंगलाष्टकं चालू, आणि हे व्यासपीठाखाली ओणवे होऊन फळ्या वाजवतायत. "एवढी माणसं चढलीत ओ वर!" फळ्या मजबूत निघाल्या. जावई मात्र त्यांनी वरवरच पाहून घेतला होता. उंच, गोरा, हुबळीत स्वतःचं दुकान. आणखी काय पाहिजे?

दीड वर्षानं अश्विनी माहेरी आली. विश्रांतीला, असं वहिनी म्हणाल्या. छान दिसत होती, हसत होती, आल्यागेल्याला कॉफी करून देत होती. सगळी गल्ली निर्धास्त होती.

एका संध्याकाळी हुक्केरी माझ्या व्हरांड्यात येऊन बसले.

"भार काढला की आकडा शून्यावर यायला पाहिजे," ते म्हणाले. मला वाटलं, पंखाचंच चाललंय. "नाही आला, तर आत कायतरी मोडलेलं असतंय. पोरगी येऊन महिना झाला. इथं काय भार आहे तिला? पण फोन वाजला की हातातलं ठेवून भिंतीला टेकून उभी राहते. आपण बघितलं की हसते. रविवारी न्यायला येणार आहेत ते."

"मग विचारा की तिला नीट."

"कसं विचारू ओ? आजवर तिला काय विचारलंय मी?"

या माणसाला इतकं एकटं मी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी जावई आणि त्याचे वडील आले. आधाराला म्हणून हुक्केरींनी मलाही बोलावलं होतं. उप्पीट झालं, कॉफी झाली. व्याही म्हणाले, "चला सूनबाई, आवरा."

हुक्केरी उभे राहिले. "ती येणार नाही."

"का? काय तक्रार केली तिनं?"

"कायच नाही केली."

"मग पुरावा काय तुमच्याकडे?"

पोकळ दारावर मला पाऊण तास पुरावे देणाऱ्या या गृहस्थानं खिशातलं नाणं चाचपलं आणि हात रिकामाच बाहेर काढला. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"पुरावा नाही," ते म्हणाले. "बाप आहे मी तिचा. सरी, झालं, निघा तुम्ही आता."

जावई काही बोलणार होता, पण त्याच्या वडिलांनी पिशवी उचलली. फाटक वाजलं, आणि स्वयंपाकघरात अश्विनी मोठमोठ्यानं रडायला लागली. हुक्केरी दाराशी गेले आणि अडखळले. आत जावं की नाही, त्यांना कळेना. मग गेले, तिच्याजवळ फरशीवर बसले आणि घाबरत घाबरत म्हणाले, "अशू, काय झालं, सांगतेस का बाळ?"