चिचटोल्याच्या याटीचा क्लेम

बुडणे निसर्गाच्या हाती असते. बुडाल्याचे सिद्ध करणे माणसाच्या. निसर्ग आपले काम क्षणात उरकतो आणि कोणाची सही न घेता निघून जातो, म्हणून त्याच्या कामाला कचेरीत फारशी किंमत नाही. ज्या समाजात बुडालेल्या वस्तूची तीन प्रतींत नोंद होते तोच समाज सुधारलेला, असे केशोराव दिवाणजींचे मत होते. ते खोडून काढणारा कागद अद्याप कोणी दाखल केलेला नाही.

केशोराव हे चिचटोल्याचे माजी मालगुजार शालीकराम पाटील यांचे दिवाणजी. मालगुजारी गेली तेव्हा पाटलांचे गाव गेले, जंगल गेले, तलाव सरकारजमा झाला. उरले घरचे धान, बैठकीतले वाघाचे कातडे (वाघ दुसऱ्याने मारलेला), एक शिडाची पांढरी याट, म्हणजे हौसेने फिरायची होडी, आणि केशोराव. याट पाटलांनी एका कॅलेंडरवर पाहिली आणि कलकत्त्याहून मागवली. ती रेल्वेने गोंदियाला उतरली आणि दोन बैलगाड्या जोडून तलावावर आली. ज्याच्याजवळ गाव नाही त्याच्याजवळ निदान शीड असावे, हा त्यामागचा विचार. तिचा विमाही उतरवला होता, कारण विम्याचा एजंट पाटलांचा साडू होता आणि त्याला नाही म्हणणे घरात परवडणारे नव्हते.

केशोरावांना मात्र लिहायला काही उरले नव्हते. सवयीने ते घरच्या बाजाराची यादीही ‘विषय: वांगी व मिरची’ असा मथळा देऊन लिहीत आणि पत्नी वच्छलाबाई ती तोंडी मंजूर करीत. होळीनंतर एका सकाळी पान लावता लावता पाटलांनी सहज विचारले, “दिवाणजी, आता तुमी करता काय?” उभ्या नोकरीत हा प्रश्न केशोरावांना कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही. पाटील मनाने वाईट नव्हते. दिवाळीपर्यंत राहा, मग मुर्रीला जावयाकडे जा, म्हणाले. जावई भला माणूस होता, पण त्याच्या घरी दौत नव्हती, आणि ज्या घरात दौत नाही तिथे आपण फार दिवस जगणार नाही अशी केशोरावांची खात्री होती.

अशा वेळी वैशाखात याट बुडाली. केशोरावांना देव पावला.

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. त्या भागातले ढिवर, म्हणजे मासे धरणारे लोक, उन्हाळ्यात आपले डोंगे दगड भरून तलावात बुडवून ठेवतात. उघड्यावर ठेवले तर उन्हाने लाकूड तडकते; पाण्याखाली ते सुखाने राहते आणि पाऊस लागला की वर निघते. याटीची देखभाल जंगलू ढिवराकडे होती. त्याने आपला डोंगा बुडवला तशीच याट बुडवली. मालकाची म्हणून दगड गोल आणि गुळगुळीत निवडले, शीड-डोलकाठी घरी नेऊन ठेवली आणि बायकोला घेऊन तो नागझिऱ्याकडे तेंदूपत्ता तोडायला निघून गेला. ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. केशोरावांनी जन्मभर तलाव फक्त नकाशात पाहिला होता, आणि गावाला विचारायचे तर क्लेमच्या अर्जात तसा रकाना नव्हता.

कंपनीचा अर्ज समुद्रासाठी छापलेला होता. केशोरावांनी तो एखाद्या पूजेसारखा आंघोळ करून भरला. जवळचे बंदर: गोंदिया जंक्शन. जवळचा दीपस्तंभ: रेल्वेचा बाहेरचा सिग्नल (तलावावरून दिसत नाही). कप्तान: जंगलू ढिवर, सध्या जंगलात. वाचलेले खलाशी: सर्व (घरी होते). बुडण्याचे कारण: पाणी.

मग जोडपत्रे. तलावात पाणी असल्याबद्दल पटवाऱ्याचा दाखला. तलावात मगर नसल्याबद्दल कोतवालाचा. बोट ही वस्तू बुडू शकते याबद्दल शाळामास्तरांचा. सदर याट परस्पर कलकत्त्याला परत गेलेली नाही, याबद्दल स्टेशनमास्तरांचा. पंचनाम्याला पाच पंच आणले. त्यांनी काठावरून वाकून पाहिले, बोट बुडाली आहे हे एकमताने खरे ठरवले आणि अंगठे दिले. त्यातला मंगरू एवढेच म्हणाला, “उन्हाळ्यात डोंगा बुडूनच राहते, दिवाणजी. त्यात लिहाचं काय?” केशोरावांनी लिहिले: ‘पंच क्रमांक चार यांस दुःखावेगाने नीट बोलता आले नाही.’

या सर्व कागदांत एकही खोटा नव्हता. इतके निर्मळ प्रकरण जिल्ह्यात आधी झाले नसावे. पाटील ते दोन्ही हातांनी उचलून पाहत आणि खाली ठेवत. गोंदियाच्या राईस मिलवाल्यांत बसले की ते आता धानाच्या भावाविषयी बोलत नसत. “आमचं एक प्रकरण चालू आहे,” म्हणत, आणि लोक त्यांना सरकून जागा देत. केशोरावांना पुन्हा भूक लागू लागली.

मृगाचा पाऊस झाला आणि जंगलू परतला. पाटलाची वस्तू म्हणून सगळ्यात आधी त्याने याट वर काढली, उलटी घालून तिच्या पांढऱ्या रंगावर डांबर फासले आणि काठाला बांधून ठेवली. केशोराव ती पाहायला अनवाणीच काठावर आले. दुसऱ्या सकाळी नागपूरहून कंपनीचा पाहणी अधिकारी येणार होता.

“हे काऊन वर काढलंस?” त्यांनी विचारले.

“पाणी आला न, दिवाणजी,” जंगलू म्हणाला. “पाहा, एक चीर नाही गेली. मी जपूनच बुडवलो होतो.”

एवढ्या कौतुकाने दाखवणाऱ्या माणसावर रागवायचे कसे, हे केशोरावांना कळेना. ते घरी गेले आणि त्यांनी दौत धुऊन पालथी घातली.

पाहणी अधिकारी मुन्नालाल मूळचे रायपूरचे, पोटाने मोठे आणि स्वभावाने शांत. त्यांनी नाश्ता केला, प्रकरण वाचले आणि अपघाताची जागा पाहायची म्हणाले. जागा तलावाच्या मध्यात. तिथे जायला नाव एकच होती. तिघे तिच्यात बसले. जंगलू वल्हवू लागला. केशोरावांनी प्रकरण छातीशी धरले होते.

मध्यावर पोचल्यावर मुन्नालालांनी पाण्यात पाहिले, पांढरी याट कुठेही दिसत नसल्याची नोंद केली आणि ही काळी नाव कोणाची, असे विचारले. पाटलांची, केशोराव म्हणाले. आणि बुडालेली? तीही पाटलांचीच. मुन्नालालांनी दोन्ही लिहून घेतले. तेव्हा जंगलूला राहवले नाही.

“साहेब, हाच तो डोंगा हाय. मीच बुडवलो होतो.”

केशोरावांनी डोळे मिटले. मुन्नालालांनी लेखणीला टोपण लावले.

“देखो भाई,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “कागज़ पर ये नाव डूबी हुई है. अगर यही वो नाव है, तो हम तीनों भी डूबे हुए हैं. फिर तीन मौत के दाखले जोड़ने पड़ेंगे. पहला तेरा. बोल, लिखूँ?”

जंगलूने विचार केला. घरी बायको होती, पेरणी तोंडावर होती, आणि पटवारी एका दाखल्याला किती फेऱ्या मारायला लावतो हे त्याने ऐकले होते.

“राहू द्या साहेब,” तो म्हणाला. “दुसराच असंल.”

कंपनीचे उत्तर यायला राज्य बदलावे लागले. आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो; त्यामुळे समुद्र थोडा जवळ आल्याचे कंपनीने समाधानाने नमूद केले. क्लेम तत्त्वतः मान्य होता. मात्र रक्कम देण्यापूर्वी बोट दरम्यान स्वतःहून वर आलेली नाही याची खात्री हवी. सबब प्रकरण चालू असेतो दर मे महिन्यात ‘बोट अद्याप बुडालेली असल्याचा दाखला’ पंचांसमक्ष करून पाठवावा.

तो दाखला आजतागायत जातो आहे. जंगलू वैशाख लागताच याट बुडवतो, मे महिन्यात पंच वाकून पाहतात आणि खरे तेच सांगतात, पावसात याट वर येते आणि पाटील तिच्यातून फिरतात. केशोरावांना कायम केले आहे. मुर्रीच्या जावयाने सासरे येतील म्हणून दौत आणून ठेवली होती. ती आता वाळली आहे.

वाचकांनी खुशाल हसावे. फक्त दरसाल पेन्शनच्या खिडकीवर आपण स्वतः चालत जातो, आपण जिवंत असल्याचा दाखला आत सरकवतो आणि पलीकडचा माणूस आपल्याकडे न पाहता शिक्का पाहतो. त्या वेळी, शिक्का स्पष्ट उमटला आहे हे पाहून, आपल्याला किती बरे वाटते तेवढे आठवावे.