अमेरिकेचं सरकार, मुक्काम भवानी पेठ

मी आज पदवीधर आहे तो राजम्मा अक्कांमुळे. आणि तेही अशासाठी, की अमेरिकेच्या सरकारनं काल कोणते नियम काढले, हे अक्कांना रोज सकाळी ऐकायचं असे.

आमच्या घरात मेंढरं सांभाळता आली की शिक्षण पुरे समजत. टेंभुर्णीकडून मी सोलापूरला कॉलेजला आलो आणि भवानी पेठेत अक्कांच्या माडीवर खोली घेतली. अक्का घरी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि समोर मोबाइल घेऊन मी. त्यांचा मुलगा नरसिंग अमेरिकेत इंजिनिअर. तिथलं सरकार रोजचे नियम इंटरनेटवर टाकतं, हे त्यानंच कधीतरी सांगितलेलं. अक्कांना इंग्रजी येत नव्हतं. मला येतं, अशी त्यांची समजूत होती.

मी अडखळत वाचायचो, शब्दकोश चाळायचो, मग मराठीत सांगायचो. मासे धरायच्या जाळ्याची भोकं केवढी असावीत. विमानातल्या खुर्चीचे पट्टे कसले असावेत. प्रत्येक नियमानंतर अक्का विचारायच्या, "आपल्याला लागू हाय काय?" नाही म्हटलं की, "सोड. फुडचं वाच." शनिवार-रविवारी तिकडं नवे नियम निघत नाहीत. त्या सुट्टीत अक्कांना करमायचं नाही.

शेवटी त्या देशाचं कर्ज; तो आकडाही तिथलं सरकार रोज टाकतं. तो आकडा मला कधीच धड वाचता आला नाही. "आकडा ऱ्हाऊ दे. वाढलं का तेवढं सांग." वाढलेलंच असायचं. मग ती बातमी भाजीवाल्या महादूकडे जायची. तो गंभीर चेहऱ्यानं "लई अवघड हाय की," म्हणायचा आणि मेथीचा भाव तोच ठेवायचा. नरसिंगनं नवी गाडी घेतल्याचं कळवलं, तेव्हा अक्का फोनवर त्यांच्या तेलुगूमिश्रित मराठीत म्हणाल्या, "सरकारच कर्जात हाय बिड्डा, आन् तू गाडी घेतूस?"

माझं इंग्रजी असं त्या सरकारनं घडवलं. आईवरच्या निबंधात मी लिहिलं, 'माय मदर इज हिअरबाय अ शेफर्ड.' सर पोट धरून हसले, पण दोनदा नापास झालेल्या त्या विषयात मी पास झालो.

नरसिंग गेल्यापासून एकदाही आला नव्हता. आलो तर पासपोर्टवर परत जायचा शिक्का मिळेलच असं नाही, म्हणायचा. अक्का त्या शिक्क्याच्या एका नियमाची वाट बघत होत्या. तो कुठल्या पानावर येईल हे ठाऊक नाही, म्हणून सगळी पानं.

माझ्या शेवटच्या वर्षी तो नियम आला. नरसिंगसारख्या नोकरदारांना तो शिक्का आता अमेरिकेतच, निघायच्या आधी मिळणार होता. मी पुन्हा वाचून खात्री केली आणि सांगितलं. अक्कांचे हात थांबले. त्यांनी लगेच फोन लावायला सांगितला.

फोन स्पीकरवर होता. कळलंय मला, नरसिंग म्हणाला. मग पोरांची शाळा, ऑफिसातली धावपळ. पुढच्या वर्षी बघू, अम्मा.

अक्कांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. बराच वेळ कात्रीनं पानं कापत राहिल्या.

"दत्तू, नीट वाच. खाली आजून कायतरी अट आसंल."

मी खाली बघितलं. अट नव्हती.

"हाय," मी म्हणालो. "एक हाय."

"मग बरूबर," अक्का म्हणाल्या. "त्येचं तरी काय चालनार?"

आता मी अक्कलकोटला कारकून आहे. परवा महादू भेटला. माडी रिकामी आहे, अक्का सकाळी सूप घेऊन नुसत्याच बसतात, म्हणाला. त्यांना फोनवर आता नीट ऐकू येत नाही. मराठी मात्र सावकाश वाचतात. म्हणून मोठ्या अक्षरात पत्र टाकलं:

"ती. अक्का, सा. न.
तिकडं काय निघालंय ते मी बघितलेलं नाही. माझ्या रजेचा अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर आहे. तरी मी गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतोय. मुक्कामाला राहीन.
तुमचा,
दत्तू"