आजोबांच्या रांजणाची चव

पिक्रियाला वाटलं होतं, फ्रान्समध्ये तीन वर्षं वाइनचं शिक्षण घेऊन आपण काखेती या द्राक्षमळ्यांच्या प्रांतातल्या आपल्या गावी परतलो, की अख्खं गाव वाडगे पुढे करून उभं राहील. प्रत्यक्षात तिच्या वडिलांनी, वाझाबाबांनी, तिने फ्रान्सहून आणलेली पहिली बाटली हुंगली आणि आईकडे सरकवली. "घे. काकडीवर शिंपड."

वाझाबाबांच्या मते डोंगरापलीकडे वाइन नव्हतीच, नुसतं व्हिनेगर होतं. फ्रान्सचं सोडा, आपल्याच देशातल्या इमेरेतीचंसुद्धा. आणि रविवारी, जमिनीत पुरलेला वाइनचा नवा रांजण उघडायच्या मेजवानीत, ते तळघराची किल्ली पुढच्या पिढीला देणार होते. पिक्रियाला, नाहीतर पुतण्या झुराबला. (वाइनबद्दल झुराबने आयुष्यात एकच मत मांडलं होतं: "अजून आहे का?")

येताना इमेरेतीत रस्त्याकडेच्या एका बाईकडून पिक्रियाने सहज घोटभर वाइन चाखली होती आणि बस सुटायची वेळ झाली तरी तिथेच उभी राहिली होती. हलकी, आंबटगोड, पिकल्या नाशपातीसारखी! वर्गात हिचं कुणी नावही काढलं नव्हतं. तिने पाच लिटरचा कॅनच उचलला. आता मेजवानीत तीच सुरईत ओतायची, बाबांनी वाखाणली की सगळ्यांदेखत खरं सांगायचं. मातीच्या वाडग्यात रंग कुणाला कळतोय?

रविवारी बाबांनी पूर्वजांच्या नावाने वाडगा उचलला, रिकामा केला आणि डोळे मिटले.

"ही माझ्या आजोबांच्या हातची चव! हिच्यात आपली माती बोलते रे!"

वीस माणसं उठून उभी राहिली. बाबांच्या डोळ्यांत पाणी. पिक्रियाने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. आता कसलं सांगतेय?

तेवढ्यात सुरई संपली. "जा पोरी, त्याच रांजणातली आण."

कॅन रिकामा होता. तिने खरोखरच घरच्या रांजणातली भरून आणली.

बाबांनी घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "हे काय? चपला भिजवल्यात का यात? ही तुझी परदेशी ना?"

"तरीच," झुराब म्हणाला आणि वाडगा पुढे केला. "अजून आहे का?"

सगळे तिच्याकडे बघत होते. एक वाक्य बोलली असती तर वाद जिंकली असती, पण बाबा पुन्हा कुणासमोर वाडगा उचलू शकले नसते.

"हो बाबा. चूक झाली."

बाबांनी वाडगा बाजूला सारला. मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली. "कबूल केलीस म्हणून देतो. पण ते फ्रान्सचं खूळ बंद! या घरात वर्षभर पहिल्या सुरईतलीच वाइन हवी. थेंबाचा फरक चालणार नाही."

सकाळी पिक्रियाने ठरवलं. आईला म्हणाली, "मठात जाऊन येते."

"जा की," म्हणत आईने कोपऱ्यातले मोठे रिकामे कॅन दाराशी आणून ठेवले. "आणि येताना मागच्या दाराने ये."

पिक्रिया इमेरेतीच्या बसमध्ये चढली. बाहेरची वाइन गावाला पाजायचं तिचं स्वप्न पूर्ण होणार होतं. फक्त गावाला ते कळता कामा नये.