जहाज, गढी आणि भानूकाका

भानूकाका संगणकाशी घासाघीस करीत. हे वाक्य मी अलंकारिक अर्थाने लिहिलेले नाही. पडद्यावर मिठाच्या पिंपाचा भाव उमटला की ते खुर्चीत मागे रेलत, ओठ मुडपत आणि यंत्राला म्हणत, "लई सांगतो बे!" यंत्र अर्थातच गप्प असे. मग काका उठत, चपला पायांत सरकवत आणि "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशीच!" असे बजावून दारापर्यंत जात. तिथे पाठमोरे उभे राहून मान तेवढी वळवत. भाव उतरलेला असे. काका परत येऊन चपला काढत.

मी पदार्थविज्ञानात एम. एस्सी. केलेले. मला हे सहन होत नसे.

"काका, तुमच्या रुसण्याने भाव उतरत नाही. तुम्ही दारापर्यंत जाऊन येता तोवर खेळातले चार-सहा दिवस उलटतात. दुसऱ्या व्यापाऱ्याचे जहाज बंदराला लागते, मीठ वाढते, म्हणून भाव उतरतो."

"तेच म्हन्तो ना मी, ताई. गिऱ्हाइकानं उठावं, म्हंजी दुसरं जहाज येतं."

विधानात कार्यकारणभावाची उघड गल्लत होती. परंतु प्रयोग वारंवार यशस्वी होत असल्यामुळे वर्गातली मुले काकांच्या बाजूची होती.

देशाची दारे उघडल्याच्या बातम्या येऊन बरीच वर्षे झाली होती. आमच्या शिरूरमध्ये त्यातून उघडलेली दारे दोनच: एक टेलिफोन बूथचे, दुसरे माझ्या संगणक वर्गाचे. वर्गाच्या भिंतीला भिंत लागून भानूकाकांचे बांगड्यांचे दुकान. दिवाळी झाली की तालुक्यातली घरेच्या घरे ट्रकांत बसून ऊसतोडीला जात आणि बांगड्या भरायला हातच उरत नसत. त्या रिकाम्या दुपारी काका एकदा "बगू तरी, पेटीत काय हाय" म्हणत आत आले, ते रोजचेच झाले.

पेटीत होते दोन खेळ. माझ्या मावसभावाने पुण्याहून सीडीवर आणून दिलेले, दोन्ही युरोपातल्या जुन्या काळचे. एकात थंड समुद्रकाठची बंदरे होती. खारवलेले मासे, लोकर, मीठ आणि मेण एका गावी स्वस्त घ्यायचे, जहाजात भरायचे आणि दुसऱ्या गावी महाग विकायचे. दुसऱ्यात एक दगडी गढी, तिच्याभोवती शेते, चक्की, भट्टी आणि कोठार. तिथल्या लोकांना रोटी द्यायची, कर लावायचा आणि शत्रू आला तर लढायचे. काकांनी पहिल्याला "जहाज" आणि दुसऱ्याला "गढी" अशी सुटसुटीत नावे दिली होती.

माऊस ते एखाद्या बाईचे मनगट धरावे तसा धरत. चारी बोटे अलगद वळवलेली, अंगठा जेमतेम टेकलेला. जन्मभर काच न तडकू देता हातावर चढवत आलेल्या माणसाला बटण जोराने दाबणे जमेना. टिचकी यंत्रापर्यंत पोचतच नसे. "दाबा, काका!" असे मी ओरडले की ते दुखावून म्हणत, "आन् तडकलं तर?"

भाषेचे नियमही त्यांनी सोबत आणले होते. कासार बांगडी फुटली असे म्हणत नाही, वाढली म्हणतो. एकदा वादळात त्यांचे लोकरीचे जहाज गेले. मी म्हटले, "बुडाले, काका."

"शुभ बोल की गं! वाढलं म्हन."

जहाजात काका पट्टीचे व्यापारी होते. थोड्याच दिवसांत बंदरोबंदरी त्यांच्या वखारी झाल्या. गढीत मात्र ते सपशेल नापास. लोकांना दुप्पट रोटी देत आणि कर शून्य ठेवत. कोठार रिकामे पडे, मग शत्रूचे सैन्य येई आणि गढीवर शिपाई म्हणून एकही नसे.

"काका, सैन्य उभारा!"

"कावून? त्यांच्या बायकांना बांगड्या लागत न्हाईत व्हय? बोलून बगू की."

बोलून बघण्याची सोय खेळात नव्हती. गढी पडे. काका निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून चक्की बांधायला घेत.

याच सुमारास मला पुण्याच्या एका संगणक कंपनीत नोकरी मिळाली. संक्रांतीनंतर रुजू व्हायचे होते. वर्ग धाकट्या बहिणीच्या हवाली करण्याआधी हिशेब लिहिण्याचा नवा प्रोग्राम यंत्रावर चढवणे भाग होते, कारण पुढे विद्यार्थी त्यासाठीच येणार होते. खेळ चालतील असे यंत्र एकच आणि त्याची जागा तुटपुंजी. दोनपैकी एक खेळ काढावा लागणार होता, आणि सीडीवर ओरखडे पडलेले असल्यामुळे काढलेला परत येणार नव्हता.

मी पद्धतशीर तुलना केली. भाव कसे ठरतात, वाहतुकीला खर्च पडतो का, जोखीम किती, चुकीची शिक्षा कशी मिळते, अशा प्रत्येक कसोटीवर जहाज सरस ठरले. गढीत तर भाव बदलतच नव्हते. अर्थशास्त्र म्हणून तो खेळ कच्चा होता. त्यातून काका जहाजात जिंकत होते. निकाल त्यांच्याही मनासारखाच असणार, याविषयी मला शंका नव्हती.

निकाल ऐकून काकांनी खिशातला चष्मा काढून पुसला.

"जहाजात समदं हाय, ताई," ते म्हणाले. "मानसं न्हाईत."

"आहेत की! प्रत्येक बंदराखाली लोकसंख्येचा आकडा येतो."

"आकडा येतो. गढीत मानूस येतो. चक्कीवालीच्या डोईवर टोपलं असतं, ती टेकते, कंबर धरते. बगितलं न्हाईस तू."

"बघितले. आणि रोटी कमी पडली की तीच चक्कीवाली गाठोडे घेऊन वेशीबाहेर जाते, हेही बघितले."

"हां. आन् कोठार भरलं की?"

"की परत येते."

"येते ना?" एवढेच म्हणून काका उठले. या वेळी दारापाशी थांबून त्यांनी मान वळवली नाही.

दुसऱ्या दुपारी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. खेळ काढण्यापूर्वी एकदा विचारावे, म्हणून मीच शेजारी गेले. दुकानात एक मास्तरीणबाई काकांशी भांडत होत्या. काकांच्या पाठीमागे भिंतीला आडवी तार होती आणि तारेवर दोऱ्यात ओवलेली हिरव्या बांगड्यांची जुडगी ओळीने लटकत होती. बाईंना त्यातलेच एक हवे होते.

"ते इकायचं न्हाई."

"मग टांगलंय कशाला?"

"टांगायचंच हाय, म्हून."

"भानूकाका, तुम्हाला धंदा करायचाय की नाही?"

"चैतात करतो. आता हे खोक्यातलं बगा, लई झकास हाय."

बाई खोक्यातले न बघताच गेल्या. मी तारेकडे बोट दाखवले. काका आधी उगाच काउंटर पुसत राहिले. मग म्हणाले, "फडात काच टिकत न्हाई गं. उसाच्या पाचटानं, कोयत्यानं, समद्या वाढत्यात. ट्रकातून उतरल्या की बाया आधी हितं येत्यात. मोकळ्या हातानं आपल्या घरात कशी शिरंल बाई? म्हून जाताना ज्या भरून गेल्या त्यांचं माप आठवून ओवून ठेवतो. आली की लगेच चढवायचं. माप शोधत बसायचं न्हाई."

तारेच्या टोकाला एक जुडगे इतरांपासून सुटे होते. बांगड्या लहान, पोरीच्या हाताच्या. दोरा मात्र नवा.

"या कुणाच्या?"

"मंगलच्या. चक्कीपाशी ऱ्हायची बग, तुझ्या वर्गाच्या खिडकीला नाक लावून उभी असायची. तिचा बाप कारखान्याकडंच ऱ्हायला. दोन दिवाळ्या झाल्या, आले न्हाईत."

"मग या कधीच्या?"

"आवंदाच्या. जुन्या उतरवल्या, एक माप मोठ्या टांगल्या." काकांनी जुडग्यावरची धूळ फुंकली. "पोरीचा हात हाय, थांबतो व्हय?"

मी वर्गात परत आले. गढी उघडून पाहिली. काकांनी आदल्या खेपेस सोडलेले गाव तसेच होते. कर शून्य, रोटी दुप्पट, शिपाई एकही नाही. वेशीचे दार सताड उघडे होते. कोठाराला लागून त्यांनी काही झोपड्या बांधल्या होत्या, ज्यांत कुणीच राहत नव्हते. खेळाच्या हिशेबाने ती लाकडाची शुद्ध नासाडी होती.

मी जहाज काढून टाकले. माझ्या तुलनेतला एकही निष्कर्ष चुकलेला नव्हता; मी विचारलेले प्रश्नच अपुरे होते.

काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी आभार वगैरे मानले नाहीत. "माझ्या वखारी गेल्या म्हन की समद्या," असे म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला आणि चपला काढून खुर्चीत बसले. तासाभरातच शत्रू आला आणि गढी पडली. काका मजेत होते.

जाण्याच्या दिवशी मी निरोप घ्यायला दुकानात गेले. एस. टी. ला वेळ होता. काका पायरीवर बसले होते.

"हात दाखव, पोरी."

तोवर मी त्यांची "ताई" होते. मी हात पुढे केला. त्यांनी मनगट हातात घेतले नाही, नुसते बघितले, आणि आत जाऊन हिरव्या बांगड्या ओवायला लागले.

"काका, मी घड्याळ सोडून हातात काही घालत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"घालू नको की. कोन म्हन्तं घाल? टांगल्याली असू दे."

त्यांनी जुडगे तारेवर, मंगलच्या शेजारी अडकवले. माझी नजर मोजमापाला सरावलेली आहे. बांगड्या माझ्या हातापेक्षा ठळकपणे मोठ्या होत्या.

"काका, माप चुकले. एक माप मोठे घेतलेत. माझा हात आता वाढायचा नाही."

"चुकंल कसं?" काका तारेकडे बघतच म्हणाले. "पुन्याचं पानी लई मानवतं म्हन्तात. आन् तू काय लगेच येतीस व्हय?"