एपी, इझोन आणि कदमकाका

नवीन माणूस भेटला की आपण नाव-गाव विचारतो. कदमकाका विचारतात, "तुमच्या भाषेत क्रियापद कुठं ठेवता?" गोदाम बघायला आलेल्या ओमानी मालकालाही त्यांनी ऐकवलं होतं, "अर्बाब, तुमच्या क्रियापदाला फार घाई! वाक्यात पहिलंच घुसतं."

कदमकाका आमच्या ओमानमधल्या रुसैलच्या कारखान्यात फिटर. त्याआधी बरीच वर्षं नायजेरियात होते. तिथं त्यांच्या घराच्या एका बाजूला एपी बोलणारं कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला इझोन बोलणारं. तेव्हा त्यांचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. "रचना बघ रे, रचना!" बसमध्ये माझा दंड धरून ते सांगतात. "एपीवाला म्हणणार, मी खातो मासा. इझोनवाला आपल्यातला, मी मासा खातो. बाजार एक, नदी एक, आणि वाक्यं बघशील तर उलटसुलट!" दंड सुटतो तो थेट कारखान्याच्या फाटकाशी.

एकदा पठाण ड्रायव्हर आणि बंगाली हेल्पर हमरीतुमरीवर आले. काका मधे घुसले. आम्हाला वाटलं, सोडवतायत. ते पठाणाला म्हणाले, "भाईसाब, वो गाली फिर से दो. जरा धीरे." शिवी काही सावकाश देता येत नाही. भांडण खलास.

शुक्रवारी ते वादी कबीरला आमच्या इमारतीत दारोदार वाक्यं गोळा करत फिरतात. त्यांची चाहूल लागली की लोक टीव्हीचा आवाज बंद करून गप्प बसतात. मला लोकांचा राग येतो आणि काकांचाही. काकू गेल्यापासून ते सुट्टीवरसुद्धा जात नाहीत. मुलगा कॅनडात, स्काइपवर भेटतो, तोही इंग्रजीत. "गावच्या घरात जाऊन बोलू कुणाशी?" असं म्हणतात आणि लगेच इझोनवर येतात.

गेल्या शुक्रवारी ते दुपारी आमच्याकडे आले. माझी बायको मालवणची, तिची बोली त्यांना ऐकायची होती. "वहिनी, नवरा उशिरा घरी आला तर काय म्हणता?"

बायको हसली. "किती उशीर झालो! तुमी जेवलास?"

"पुन्हा म्हणा."

तिनं म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.

"काका, क्रियापद शेवटीच आहे की," मी म्हणालो.

"ते कळलं रे." ते खाली बघत होते. "वहिनी, एकदाच विचारा ना परत."

बायको त्यांचं ताट वाढायला उठली.