अळणी कालवण

१ नोव्हेंबर. उद्या आम्हा ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस, म्हणून सकाळीच कोयती घेऊन कबरस्तानात गेले. पावसानंतर नवऱ्याच्या कबरीवर गुडघाभर गवत माजतं. पुढच्या रांगेत त्रेझामावशी आधीच बसली होती आणि गवताला शिव्या देत होती.

त्रेझामावशी माझी शेजारीण. काशीदच्या अलीकडे आमची खाडीकाठची वस्ती, तिथं देवाशी इतकं उघड भांडणारी बाई दुसरी नाही. रोज दुपारी ती झाकलेलं ताट घेऊन पेद्रूच्या दारात उभी राहायची आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी प्रार्थना करायची, “देवा, आज पन इच्छा न्हाय. तूच दे.” जरा थांबायची. मग ताट उंबऱ्यावर आपटायची. “खा, मेल्या.”

पेद्रू तांडेल, होडी हाकणारा म्होरक्या. काही वर्षांपूर्वी वारा फिरलेला असताना, दारू पोटात असताना त्यानं होडी बाहेर काढली. बरोबर मावशीचा एकुलता मुलगा आग्नेल, पेद्रूला मामा म्हणणारा. होडी उलटली. पेद्रू किनाऱ्याला लागला. आग्नेलही लागला, पण उशिरा.

त्यानंतर पेद्रूशी कुणी बोलेना. बायको माहेरी गेली. तो उपाशी पडलाय म्हटल्यावर ताट सुरू केलं ते मावशीनं. फादर कौतुक करायला आले, तर त्यांच्यावरच खेकसली. “माझ्यात काय न्हाय, फादर. माझ्यावर सोडलं तर विष घालीन. ही त्याची कृपा हाय.”

कालवणात मीठ मात्र घालायची नाही. मी विचारलं, तर म्हणाली, “देवानं जेवन द्यायला सांगितलंय. चव द्यायला न्हाय.” पेद्रू निमूट खायचा आणि ताट धुऊन कुंपणावर उपडं घालायचा.

या पावसाळ्यात पेद्रू गेला. मावशी सुटली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

आज जवळ जाऊन बघते तर आग्नेलची कबर कधीच साफ झाली होती. मावशी पेद्रूच्या मातीच्या ढिगावरचं गवत उपटत होती.

“आता तरी सोड त्याला,” मी म्हटलं.

“तू तुझं काम कर गो.”

उपटता उपटता ती बोलली. “ताट ठेवलं की रोज एकच विचारायची मी त्याला. पोर शेवटचं काय बोललं? तो सांगायचा, ‘मामा, फळी तू घे, मी पवतो.’ रोज तेच. एक शब्द इकडचा तिकडं न्हाय.” तिनं हातातलं गवत झटकलं. “आता कोनाला विचारू?”

मी ढिगाच्या पलीकडून कापायला बसले.

“हात अजून दोघांचं शिजवतो,” ती म्हणाली. “एक टोप अळणी. रोज उरतो.”

२ नोव्हेंबर. सकाळी कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या. मी घरातलं रिकामं ताट उचललं आणि मावशीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

“मावशी, इच्छा नाही. पण आले.”

तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं. भात वाढला, वर कालवण ओतलं. “खा, मेले.”

अळणीच होतं. मी मीठ मागितलं नाही. ती तिथंच उभी राहिली. मग दाराच्या चौकटीला हात टेकून म्हणाली, “पोर शेवटचं काय बोललं?”

मी सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही.