मामांच्या स्टोव्हमधले शेजारी

"दार! आधी दार लाव! मी इथे तानाकांना जाळतोय आणि तू त्यांना बाहेर घालवतेस!"

जपानमधल्या नागानोच्या डोंगरातल्या त्या घरात पाऊल टाकताच मामांनी माझं असं स्वागत केलं. मी दारातच थिजले. माझा सख्खा मामा, आयुष्यभर ज्याने विद्यापीठात उष्णताशास्त्र शिकवलं, तो दोन पायजमे आणि कानटोपी घालून लोखंडी स्टोव्हपुढे उकिडवा बसला होता. वर आमटी रटरटत होती.

"घाबरतेस काय? शेजारच्या तानाकांच्या अंगणातलं झाड आहे."

भानगड अशी की मामांचं गाव रिकामं होत चाललंय. म्हातारी माणसं गेली, मुलं शहरात. मागे राहिलेल्या अंगणांत काकी नावाच्या जपानी झाडांना केशरी फळं लगडतात, तोडायला कोणी नाही, मग अस्वलं उतरतात. म्हणून ती झाडं पाडतात आणि लाकूड मामा फुकटात घरी आणतात. फोडून, रचून दोन उन्हाळे वाळवतात. प्रत्येक थप्पीवर मालकाच्या नावाची पाटी! घराच्या भिंतीला लागून मेलेल्या माणसांची ती रांग बघून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मामा मात्र दोन ढलप्या एकमेकींवर आपटून कान लावत होते.

"टण्ण वाजलं पाहिजे. हे सुझुकी अजून ओलेच. पुढच्या वर्षी घेऊ त्यांना. ओलं लाकूड जाळायचं म्हणजे घर नाही, पाणी तापवायचं!"

काटकसर तर विचारू नका. अख्ख्या घरात एकच खोली गरम. जेवण, झोप, पाहुणे सगळं तिथेच. मी कुडकुडत एक जादा ओंडका घालायला गेले, तर हातावर चापटी बसली. "स्वेटर घाल. माणूस म्हणजे चालताबोलता हीटर आहे, जरा जवळ सरकून बस."

मी आले होते वेगळ्याच कामाला. मामी जपानी होती, ती जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी मिहो ओसाकाला असते. मी राहते टोकियोतल्या फुनाबोरीला. तिचा फोन आला, "ताई, तू बोल ना बाबांशी. एकटे आहेत, पडले-बिडले तर? माझं ऐकत नाहीत." म्हणून मी मामांची गठडी वळायला आले होते.

सकाळी उठले तर मामा घरात नाहीत. खिडकीतून पाहिलं. उताराखालच्या तानाकांच्या बंद घरातून धूर निघत होता! तानाका तर तीन हिवाळ्यांमागेच वारलेले.

आमच्या दारातून बर्फात पावलं तिकडे गेली होती. मीही गेले. रामरक्षा म्हणत गेले, लपवायचं कशाला! आत रिकाम्या खोलीत मामा तानाकांच्या स्टोव्हमध्ये लाकडं सारत होते. चांगली, खणखणीत वाळलेली.

"मामा! मला एक ओंडका मिळत नाही आणि इथे भुताला शेक देताय?"

"त्यांच्या मुलाने किल्ली दिलीय. घर बंद राहिलं की कुजतं, बाई." मग स्टोव्हचं दार घट्ट लावून उठले. "चल लवकर. वरून धूर दिसायला लागला असेल."

घरी येऊन ते चहा घेऊन खिडकीत बसले. खालचा धूर सरळ वर चढत होता.

"तानाका रोज सकाळी माझा धूर बघायचे आणि मी त्यांचा," मामा म्हणाले. "एकदा तापाने मला उठवेना, स्टोव्ह पेटला नाही. तर हा म्हातारा बर्फातून धापा टाकत हजर! आता माझा बघायला कोणी नाही. निदान त्यांचा तरी दिसावा."

मी म्हटलं, "म्हणून तर मिहोकडे चला ना, मामा."

"तिच्याकडे सगळं विजेवर. माणूस उठलंय की नाही, समोरच्याला कळणार कसं?"

मी त्यांच्याजवळ सरकून बसले. हळूहळू धूर विरळ झाला, मग थांबला. मामांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"तानाका गेले असतील बर्फ काढायला," म्हणाले, आणि कप विसळायला उठले.